भरलेली गाडी घाटात: उतार, चढ आणि टोचन

बेळगावातून माल भरून गोव्याकडे किंवा तळकोकणाकडे निघालेल्या चालकाला सह्याद्री कुठे ना कुठे उतरावाच लागतो. जांबोटी-कणकुंबीवरून जाणारा चोर्ला, खानापूर-लोंढा-रामनगरवरून जाणारा अनमोड आणि शिनोळी-पाटणे फाट्यावरून गाठायचा आंबोली हे तीन घाट या भागातील चालकांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यांपैकी अनमोड राष्ट्रीय महामार्ग 748 वर येतो. जुने चालक त्याला अजूनही जुन्या क्रमांकाने चार-ए म्हणतात. याखेरीज पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळ तवंदी आणि काकतीच्या बाजूला वंटमुरी हे दोन घाट आहेत. रस्ता रुंद आणि वळणे सौम्य असल्यामुळे नवखे चालक त्यांना घाट म्हणून मोजतच नाहीत, आणि नेमके याच कारणासाठी मी नव्या मुलांना पहिला धडा तेथे देतो. चोर्ल्याचे वळण समोर आले की माणूस आपोआप वेग कमी करतो. तवंदीचा मोकळा उतार मात्र गाडीचा वेग कधी वाढला हे कळूही देत नाही.

हा लेख ज्यांच्याकडे अवजड वाहनाचा परवाना आहे, ज्यांनी सपाटीवर काही महिने गाडी चालवली आहे, पण भरलेल्या गाडीने घाट केलेला नाही अशा चालकांसाठी आहे. कायद्याने एकूण वजन 12,000 किलोंच्या वर गेले की मालवाहू गाडी अवजड ठरते, आणि व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. परवान्याच्या चाचणीत घाट नसतो. म्हणून पहिल्या चार-पाच खेपा अनुभवी चालकाच्या शेजारी बसून कराव्यात आणि तो कोणत्या वळणाच्या किती आधी कोणता गियर टाकतो, एवढेच पाहावे.

निघण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा पूर्ण चढेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. त्यानंतर इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून, ब्रेकचे पेडल पूर्ण दाबून एक मिनिटभर तसेच धरून ठेवावे. पहिल्या दाबासरशी काटा थोडा खाली येतो, ते ठीक. पण त्यानंतरही तो डोळ्यांदेखत उतरत राहिला, तर कुठेतरी हवा गळते आहे हे नक्की, आणि अशी गाडी घाटात नेऊ नये. क्लीनरला त्याच वेळी गाडीभोवती फिरून कान द्यायला सांगावे, कारण पाइपाच्या जोडातून गळणारी हवा इंजिन बंद असतानाच ऐकू येते. हवेच्या टाक्यांखालची कडी ओढून साचलेले पाणी रोज काढावे. पावसाळ्यात हे पाणी इतके निघते की पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. ते तसेच राहिले तर टाकीत हवेसाठी जागा कमी उरते आणि व्हॉल्व्हही गंजतात.

मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकला आहे का, हे हात घालून नव्हे तर बॅटरीच्या उजेडात पाहावे. प्रत्येक चाकाचा ब्रेक सारखा लागतो आहे याची खात्री मेस्त्रीकडून करून घ्यावी; सहापैकी दोन चाकांचे ब्रेक सैल असतील, तर सपाटीवर ते जाणवत नाही, पण उतारावर उरलेल्या चारांवर सगळा भार पडून तेच आधी तापतात.

मालाची बांधणी उतार डोळ्यांसमोर ठेवून करावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून निघणारे ओतकामाचे सुटे भाग, पत्र्याच्या गुंडाळ्या, फरशी असा जड आणि आकाराने लहान माल उतारावर केबिनकडे सरकतो; म्हणून तो पुढच्या फळीला टेकवून, मधली जागा लाकडाने भरून मगच आवळावा. अर्धवट भरलेला टँकर पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अवघड असतो, कारण आतले पाणी किंवा दूध वळणावर एका बाजूला झुकते आणि गाडी सरळ झाल्यानंतरही क्षणभर झुकलेलेच राहते. शेवटी दोन मजबूत लाकडी ठोकळे, परावर्तक त्रिकोण, बॅटरी, हातमोजे आणि पाने जागच्या जागी आहेत हे पाहावे. पावसाळ्यात या घाटांवर अवजड वाहनांना वेळोवेळी बंदी घातली जाते, तेव्हा निघण्याआधी जांबोटी किंवा रामनगरच्या बाजूने नुकत्याच आलेल्या चालकाला फोन करून विचारणे हे दहा मिनिटांचे काम पुढचे सहा तास वाचवू शकते.

उतार

थोडा हिशोब केला, तर उतार म्हणजे काय हे नीट समजते. दहा चाकी गाडी मालासह 28 टनांची धरली आणि ती 500 मीटर उंचीवरून खाली आली, तर तिच्यातून निघणाऱ्या सर्व ऊर्जेने चारशे लिटरांहून अधिक साधे पाणी उकळू शकेल. ही उष्णता इंजिनाकडून आणि वाऱ्याकडून बाहेर गेली नाही, तर ती ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे) आणि लायनरमध्ये (त्याला आतून घासणारी पट्टी) साठते. गाडी ताशी 20 किलोमीटरने उतरली काय किंवा 40 ने उतरली काय, एकूण उष्णता तेवढीच. पण दुप्पट वेगाने उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकला ती बाहेर टाकायला निम्माच वेळ मिळतो. ड्रम तापला की तो फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल अधिकाधिक खोल जाते. दुसरीकडे तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. ब्रेक ‘फेल’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा कुठलाही भाग तुटलेला नसतो. ब्रेक फक्त तापून निकामी झालेले असतात.

म्हणून उतरण्याचा वेग आणि गियर घाटमाथ्यावरच ठरवायचा. चोर्ल्याला जाताना कणकुंबी मागे पडल्यावर रस्ता काही वेळ जंगलातून तसा आरामात जातो आणि चालक वरच्या गियरमध्ये रमलेला असतो. उतार सुरू होण्याआधी रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, पाच मिनिटे थांबावे, टायर आणि बांधणी पाहावी आणि हवेचा काटा पूर्ण आहे याची खात्री करावी. त्यानंतर, हाच घाट याच मालाने चढायचा असता तर जो गियर लागला असता, तो किंवा त्याच्याही खालचा गियर टाकून सुरुवात करावी. उतारावर वेग आल्यानंतर खालचा गियर टाकायला जाणे हा नवख्यांचा सर्वांत महागडा प्रमाद असतो: वरचा गियर निघतो, खालचा पडत नाही, आणि भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते.

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा ब्रेक, उताराच्या पहिल्याच टप्प्यावर चालू करावा. डिझेल इंजिन नुसते गियरमध्ये ठेवल्याने जितके रोखते त्यापेक्षा एक्झॉस्टची वाट अडवल्यावर कितीतरी जास्त रोखते, आणि इंजिनाचे फेरे जितके वर तितका हा अटकाव मोठा असतो. इंजिन गुरगुरते आहे म्हणून नवखा चालक घाबरून वरचा गियर टाकतो. ते करू नये. फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे आहे तोवर तो आवाज गाडी ताब्यात असल्याचाच आहे. रस्ता निसरडा असेल आणि गाडी मागून रिकामी किंवा हलकी असेल, तर मात्र एक्झॉस्ट ब्रेक जपून वापरावा, कारण तो फक्त मागच्या चालत्या चाकांना रोखतो आणि ती घसरू शकतात.

एवढे करूनही वेग वाढेल, आणि तेथेच पायाच्या ब्रेकचे काम येते. पेडलवर पाय हलका टेकवून सतत उतरत राहण्याची सवय वाईट आहे. समजा, आपण ताशी 25 हा वेग ठरवला आहे. काटा तेथे पोचला की ब्रेक नीट, दाबून लावावा, तीन-चार सेकंदांत वेग 15-17 पर्यंत आणावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा. वेग पुन्हा 25 ला येईपर्यंत ड्रमला हवा लागते. याउलट, पेडल भराभर मारत राहिल्यास टाकीतली हवाच संपते. हवेचा काटा घसरून इशाऱ्याचा आवाज सुरू झाला, तर तेथेच थांबायचे. खालच्या वळणापर्यंत जाऊ असे मनात आणायचे नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवण्याच्या गोष्टी ढाब्यावर बऱ्याच ऐकायला मिळतात. सध्याच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात, गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवारा बंदच होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहण्यासाठी डिझेल पिते. म्हणजे ज्या बचतीसाठी चालक जीव धोक्यात घालतो, ती बचत होतच नाही. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण हवा भरणारा कंप्रेसर आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही त्याबरोबर बंद पडतात.

लायनर जळल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. करपट, डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो. वास आला, की रुंद जागी थांबावे, चाकांना ठोकळे लावावेत आणि अर्धा तास गाडीकडे फक्त पाहत बसावे. माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या क्लीनरने चांगुलपणाने वाहत्या ओहोळातून बादली भरून आणली आणि धूर निघणाऱ्या ड्रमवर ओतली. टण्ण असा एकच आवाज आला. खाली आल्यावर चाक काढले, तेव्हा ड्रमला या कडेपासून त्या कडेपर्यंत केसाएवढी चीर गेलेली होती. त्या दिवसापासून मी तापलेल्या ड्रमला पाणी दाखवलेले नाही. तापल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवणेही टाळावे आणि गाडी ठोकळ्यांवर व गियरवर उभी करावी, कारण ड्रम थंड होताना आकसतो आणि त्यावर ताण येतो.

वळणे, पाऊस आणि पाट्या

घट्ट वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात. गाडी जितकी लांब, तितका हा फरक मोठा. म्हणून वळणात पुढचा भाग उशिरा वळवावा, आणि त्यासाठी समोरची अर्धी वाट लागणार असेल, तर हॉर्न देऊन, रात्री डिपर मारून आधी थांबावे व मग निघावे. चढणाऱ्या गाडीला वाट देणे हे उतरणाऱ्याचे काम आहे, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की तिला पुन्हा हलवणे किती अवघड असते हे आपल्यालाही परतीच्या खेपेला कळणारच असते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आंबोली आणि कणकुंबी परिसरात पाऊस आणि धुके एकदम येतात. धुक्यात मोठा प्रकाशझोत लावल्यास समोर फक्त पांढरी भिंत दिसते, तेव्हा दिवे खाली ठेवावेत आणि डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी. पावसात दरडीच्या बाजूला, विशेषतः जेथे रस्त्यावर नुकतीच माती आणि बारीक खडे आलेले दिसतात तेथे, गाडी उभी करू नये. दरीकडच्या कडेची माती मात्र त्याहून फसवी असते. वरून गवत हिरवेगार दिसते आणि खालून ती पोखरलेली असते.

मराठी मुलखातून नव्याने आलेल्या चालकांसाठी एक छोटी गोष्ट. सीमेच्या अलीकडे पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात, आणि दोन-चार शब्द कानावर असले तर पोलीस किंवा रस्त्यावरचा कामगार काय ओरडतो आहे ते चटकन कळते. ‘निधान’ म्हणजे आपल्याकडे ठेवा. कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश. ‘तिरुवु’ म्हणजे वळण, ‘इळिजारु’ म्हणजे उतार, ‘मुंदे’ म्हणजे पुढे. ‘अपाय’ हा शब्द आपल्यालाही परका नाही. तेथे त्याचा अर्थ धोका.

चढ

चढाचे सांगण्यासारखे थोडेच आहे. वळणाच्या आधी गियर खाली घ्यावा आणि वळणात गियर बदलू नये. इंजिन दमते आहे असे वाटण्याआधीच खाली यावे. थांबावे लागलेच, तर गाडी क्लचवर तोलून धरू नये, हँडब्रेक लावावा. क्लच-प्लेट जळण्याचे प्रसंग बहुतेक अशाच वेळी येतात. निघताना क्लच पकडायला लागला हे गाडीच्या थरथरीवरून जाणवले, की मगच हँडब्रेक सोडावा. तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, आणि रेडिएटरचे झाकण निवेपर्यंत उघडू नये.

ऊस गाळपाच्या हंगामात या जिल्ह्यात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्यांतील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे उतारावर सगळा ऊस ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. चढावर अशा ट्रॅक्टरच्या मागे चिकटून राहू नये, कारण पिन निसटली तर ट्रॉली मागेच येणार. उतारावर त्याच्या पुढे जाण्याची घाई करू नये, आणि त्याला ओलांडून लगेच समोर ब्रेक लावण्याचा विचार तर मनातही आणू नये.

ब्रेक लागेनासे झाले तर

उडी मारू नये, इंजिन बंद करू नये, क्लच दाबू नये. गियर आहे तोच ठेवावा, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवावा, हॉर्न आणि दिवे सतत द्यावेत आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत जावा. तरीही गाडी थांबत नसेल, तर चढाची बाजू, मातीचा ढीग, रुंद शेत यांपैकी जे पहिले मिळेल ते निवडावे. काहीच नसेल, तर डोंगराच्या बाजूला गटारीत चाक उतरवून गाडी दरडीला घासत न्यावी. गाडी मोडेल, हे त्या क्षणी मान्य करावे लागते. हा निर्णय जितका लवकर घ्याल, तितका कमी वेगात घ्याल, आणि म्हणूनच नव्या मुलांकडून मी तो आधीच तोंडपाठ करून घेतो.

गाडी बंद पडली आणि टोचन करायची वेळ आली

आधी माणसे सांभाळावीत. चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावावेत, धोक्याचे दिवे चालू करावेत आणि त्रिकोण गाडीच्या मागे लगेच न ठेवता, वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला थांबायला जागा मिळेल इतक्या दूर ठेवावा. चोर्ल्यात बऱ्याच जागी मोबाइलला रेंज नसते. अशा वेळी वरून येणाऱ्या गाडीवाल्याला निरोप द्यावा. रेंज असेल, तर तातडीच्या मदतीसाठी 112, जखमी असेल तर 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक आहेत.

टोचन, म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणे, करावे की नाही, हा पहिला प्रश्न. भरलेली गाडी घाटात दोराने किंवा साखळीने खाली नेऊ नये. मागच्या गाडीचे ब्रेक चालत नसतील, तर ती पुढच्यावर जाऊन आदळणार हे ठरलेलेच. उतारासाठी क्रेन किंवा मजबूत लोखंडी दांडी हवी, आणि शक्यतो माल आधी दुसऱ्या गाडीत भरून घ्यावा. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा जड असावी. मालक फोनवर ‘एवढं ओढून खाली आण’ म्हणत असला, तरी त्या वेळी घाटात आपण उभे असतो, तो नसतो.

हवेच्या ब्रेकच्या गाडीत हवा संपली की मागची चाके स्प्रिंगच्या जोराने आपोआप आवळली जातात. ही सोय गाडी पळून जाऊ नये म्हणूनच केलेली आहे. तेव्हा ती चाके सोडवण्याआधी ठोकळे लागलेले आणि दांडी दोन्ही बाजूंनी पिन व लॉकसह जोडलेली असलीच पाहिजे. चाके सोडवण्याचा चांगला मार्ग म्हणजे पुढच्या गाडीची हवा पाइपाने मागच्या गाडीला देणे, कारण त्यामुळे मागच्या चालकाला ब्रेकही मिळतो. ते शक्य नसल्यास ब्रेकच्या डब्याचा रिलीज बोल्ट पान्याने फिरवून स्प्रिंग मागे घ्यावी लागते. बोल्टची जागा आणि पद्धत गाडीनुसार बदलते, म्हणून हे काम माहीत असलेल्या मेस्त्रीनेच करावे, आणि डब्याचा पट्टा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली, तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. बोल्ट फिरवल्यावर त्या चाकांना हँडब्रेक उरत नाही, हे दोन्ही चालकांना एकमेकांसमोर मोठ्याने सांगावे.

यानंतर मागच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवून बांधून ठेवावा. इंजिन बंद असताना चाके फिरली की गियरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो, पण तेल वर उडवणारे आतले दाते थांबलेले असतात, आणि थोड्याच अंतरात गियरबॉक्स कोरडा चालून जळतो. या एका कंटाळ्यापायी गाडीच्या मूळ बिघाडापेक्षा मोठा खर्च झालेला मी पाहिला आहे. मागच्या गाडीत अनुभवी चालक बसवावा. इंजिन बंद असल्यामुळे स्टीअरिंग दगडासारखे जड लागते, आणि स्टीअरिंग-लॉक उघडण्यासाठी किल्ली चालू स्थितीत ठेवावी लागते. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरांपेक्षा जास्त नसावे आणि मागच्या गाडीवर टोचन चालू असल्याची ठळक पाटी असावी.

निघण्यापूर्वी हॉर्नची खूण ठरवावी: एकदा म्हणजे निघ, दोनदा म्हणजे सावकाश, लांब हॉर्न म्हणजे थांब. पुढच्याने ताण हळूहळू घ्यावा, हिसका देऊ नये. वायररोप वापरत असल्यास ओढताना कोणीही तिच्या आसपास उभे राहू नये आणि तिच्यावरून पाय टाकू नये. तुटलेली वायर चाबकासारखी उलटून येते. वेग ताशी 15 च्या आसपास ठेवावा, आणि प्रत्येक रुंद जागी थांबून पिना, पाइप आणि ड्रमचा वास तपासावा. दरीत गेलेली गाडी वर काढणे हे या लेखाच्या कक्षेतले काम नाही. ते क्रेनवाल्यांवर सोपवून आपण रस्ता अडवण्याचे काम करावे.

सपाटीवर पोचल्यावर रिलीज बोल्ट पूर्ववत करून ब्रेक लागतो का ते पाहावे आणि शाफ्टचे बोल्ट मोजून, कसून लावावेत. मग, कितीही उशीर झालेला असो, एका माणसाला मोटरसायकलवरून परत वर पाठवून, गाडी बंद पडली होती तेथे आपण रस्त्यात मांडलेले दगड आणि तोडून टाकलेल्या फांद्या बाजूला काढून घ्याव्यात. रात्री त्याच दगडांवर कुणाची तरी दुचाकी जाते.